नीरेच्या खोऱ्यातले मीठ आणि विद्या

पुण्याहून सासवड-जेजुरीच्या वाटेने दक्षिणेकडे निघालेला प्रवासी नीरा गावापाशी नदीवरचा पूल ओलांडतो, तेव्हा आपण एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात आलो एवढीच जाणीव त्याला होते. पुलापलीकडे थोड्याच अंतरावर, उसाच्या शेतांत दडून गेलेली जी सरकारी वस्ती आहे, ती १९३२ सालापासून या राज्याच्या उसाचे भवितव्य घडवीत आली आहे, हे त्याच्या ध्यानीमनीही नसते. त्या ठिकाणाचे नाव पाडेगाव. तेथून पूर्वेकडे, नदीच्या उजव्या अंगाला, फलटण. डाव्या अंगाला बारामती. पन्नास-साठ किलोमीटरांच्या या घेरात एक ऊस संशोधन केंद्र, एक खाजगी संशोधन संस्था, एक विश्वस्त संस्था व तिचे कृषिविज्ञान केंद्र, आणि केंद्र सरकारची एक राष्ट्रीय संस्था, एवढा विद्येचा परिवार नांदतो आहे, आणि त्याच्या भोवती साखरेचे, दुधाचे, बियाण्यांचे व रोपवाटिकांचे धंदे पसरले आहेत.

अलीकडे सरकारी निवेदनांतून आणि अर्थसंकल्पाच्या भाषणांतून ‘इनोव्हेशन पार्क’ हा शब्द वारंवार कानी येऊ लागला आहे. एखाद्या प्रदेशात प्रयोगशाळा, विद्यालय, नवा उद्योग काढू पाहणारे तरुण, त्यांना भांडवल पुरवणारे धनिक आणि प्रत्यक्ष जमीन कसणारा खातेदार यांना एका आवारात, निदान एका हाकेच्या टप्प्यात आणून बसवावे, म्हणजे त्यांच्या सहवासातून नवी यंत्रे, नवी वाणे, नवे धंदे निपजतील आणि त्या मुलखाची सांपत्तिक स्थिती सुधारेल, अशी त्या शब्दामागची कल्पना. कल्पना वाईट नाही. तिची अंमलबजावणी मात्र पुष्कळदा कोनशिला, काचेची इमारत आणि हिरवळीच्या मधोमध उडणारे कारंजे येथवर येऊन थांबते. उद्यान म्हटले की आपल्या कारभारी मंडळींना सर्वांत आधी कुंपण आठवते.

नीरेच्या खोऱ्यात असले उद्यान कोणी आखले नाही, त्याचा आराखडा कोणत्या दप्तरात सापडणार नाही, आणि त्याचा उद्घाटनसमारंभही झालेला नाही. तेथे जे उभे राहिले ते एकेका गाऱ्हाण्यापोटी उभे राहिले. आणि ज्या गाऱ्हाण्याला ऐकणारा कान भेटला, त्याचेच पुढे शास्त्र झाले. म्हणून शेतीतील नवविद्या आणि प्रदेशाचा उत्कर्ष यांचा संबंध कसा जडतो हे ज्याला समजून घ्यावयाचे असेल, त्याने परदेशच्या वाऱ्या करण्यापूर्वी या खोऱ्यात चार दिवस हिंडावे, असे मला वाटते.

आरंभ पाण्यापासून केला पाहिजे. १८७६ ते १८७८ या काळच्या भीषण दुष्काळाने दख्खनचे पठार होरपळून निघाले, आणि पुन्हा तशी वेळ येऊ नये म्हणून इंग्रज सरकारने जी संरक्षक पाटबंधाऱ्यांची कामे काढली, त्यांत नीरेचा डावा कालवा हे एक प्रमुख काम होते. १८८५ च्या सुमारास त्यातून पाणी वाहू लागले. भोर संस्थानातल्या भाटघर येथे वेळवंडी नदीवर बांधलेल्या जुन्या धरणाच्या जागी पुढे १९२८ साली नवे, प्रचंड धरण पुरे झाले, आणि मग उजवा कालवाही फलटण संस्थानातून माळशिरसकडे धावू लागला. योजनेचा हेतू असा होता की, पाऊस चुकला तरी ज्वारी-बाजरी हाती लागावी. शेतकऱ्याने मात्र तो हेतू मनावर घेतला नाही. ज्या वर्षी पाऊस चांगला त्या वर्षी पाणीपट्टी भरून ज्वारी भिजवण्याची गरज त्याला भासेना. आणि कालव्यावर झालेला खर्च वसूल व्हावा म्हणून सरकारला असे पीक हवे होते की जे बारमाही पाणी पिईल आणि पट्टी निमूट भरील. ऊस हे ते पीक. सासवडकडचे बागाईतदार माळी, ज्यांच्या हातांना मळ्याची पिढीजात सवय होती, ते कालव्याच्या कडेने खाली उतरत गेले, त्यांनी जमिनी खंडाने घेतल्या, गुऱ्हाळे मांडली, आणि दुष्काळनिवारणासाठी आणलेले पाणी गुळाच्या ढेपांतून बाजारात जाऊ लागले.

परंतु पाण्याने आणलेल्या या लक्ष्मीच्या पाठोपाठ तिची थोरली बहीणही आली. हिवाळा सरता सरता, दंव ओसरल्यावर, कालव्याखालच्या सखल रानात गेले असता उसाच्या तुटाळींतून जमिनीवर पांढरी खपली धरलेली दिसते. चिमटीत घेऊन जिभेला लावली तर खारट लागते. शेतकरी म्हणतो, ‘रानाला मीठ फुटलं.’ काळ्या भारी जमिनीला पाण्याचा निचरा ठाऊक नसतो. वरून पाटाचे अतोनात पाणी आणि कडेने कालव्याचा पाझर यांनी भूगर्भातली पाण्याची पातळी वर वर चढत येते, त्या पाण्यात विरघळलेले क्षार केशाकर्षणाने पृष्ठभागी येतात, सूर्य पाणी तेवढे उचलून नेतो आणि मीठ मागे ठेवतो. ही झाली खारवट जमीन. तिच्याहून वाईट अवस्था चोपणाची. तेथे पांढरेही काही दिसत नाही; सोडियम मातीच्या कणाकणाला चिकटून तिची घडण मोडून टाकतो, ओली असता ती साबणासारखी निसरडी होते आणि वाळली म्हणजे दगडासारखी टणक होऊन भेगाळते; नांगराला ती दाद देत नाही आणि मुळाला हवा देत नाही. बियाणे पेरले तरी उगवण तुरळक होते, आणि जे उगवते तेही पिवळे पडून बसकण मारते. कालवा सुरू होऊन पंचवीस वर्षे लोटतात न लोटतात तोच, पुण्याच्या कृषिमहाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी तम्हाणे यांना १९१० साली नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर स्वतंत्र पुस्तिका प्रसिद्ध करावी लागली. हेच मॅन पुढे पिंपळे सौदागर या खेड्याच्या आर्थिक पाहणीने प्रसिद्धीस आले. पण माणसांची पाहणी करण्यापूर्वी त्यांनी येथल्या मिठाची पाहणी केली होती, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही.

माझ्या मते या प्रदेशातील शेतीशास्त्राची खरी कोनशिला हे मीठ होय. पाणी किती द्यावे हा प्रश्न पाण्याच्या टंचाईने नव्हे, त्याच्या सुबत्तेने उभा केला. विसाव्या शतकाच्या आरंभी विश्वेश्वरय्या हे पुण्यास कार्यकारी अभियंता असताना त्यांनी नीरेच्या कालव्यावर ‘ब्लॉक’ पद्धती सुचवली ती याच सुमारास. गावागावांतून ठराविक क्षेत्राचे गट पाडावयाचे, त्या गटातल्या तिसऱ्या हिश्श्यातच ऊस, उरलेल्यात पावसाळी व रब्बी पिके, आणि त्या मर्यादेच्या मोबदल्यात काही वर्षांच्या करारावर पाण्याची हमी, असे तिचे स्वरूप. पाणी सर्वत्र पसरावे, एकाच ठिकाणी तुंबू नये, असा तिचा मथितार्थ. शेतकऱ्यांनी आरंभी तिला विरोध केला. पुढे हमीच्या लोभाने ती स्वीकारली. आणि कालांतराने हमी ठेवून मर्यादा तेवढी विसरून गेले, हे आपल्या नेहमीच्या शिरस्त्याला धरूनच झाले.

पाडेगावचे केंद्र निघाले तेव्हा तेथल्या शास्त्रज्ञांनी नुसत्या उसाकडे न पाहता आधी जमिनीकडे पाहिले, ही त्यांची दृष्टी मला फार मोलाची वाटते. बसू आणि शिरूर या दोघा संशोधकांनी नीरा उजवा कालवा व प्रवरा कालवा यांच्या लाभक्षेत्रांत जागोजाग खोल खड्डे खणून जमिनीचे उभे छेद तपासले, आणि वरची माती सारखीच दिसत असली तरी खालच्या थरांच्या रचनेवरून तिचे प्रकार कसे भिन्न ठरतात हे १९३८ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात मांडले. कोणत्या जमिनीला किती पाणी सोसेल, कोणती मिठाने फुटेल आणि कोणती तगेल, हे बांधावर उभे राहून नव्हे तर खड्ड्यात उतरून कळते, हा धडा त्यांनी घालून दिला. आज उपग्रहाच्या छायाचित्रांवरून शेताचे आरोग्य सांगण्याची जी विद्या आली आहे ती अद्भुत खरीच. परंतु तिच्याही निष्कर्षांची रुजुवात अखेरीस कुदळीनेच घ्यावी लागते.

उसाच्या वाणांची कथा तर अधिकच मनोरंजक आहे. आपण शेतात ऊस लावतो तो कांडीपासून. पण नवे वाण निर्माण करावयाचे तर कांडीचा उपयोग नाही, त्यासाठी तुऱ्याचे बी पाहिजे. महाराष्ट्राच्या हवेत उसाला तुरा आला तरी त्यात सकस बी धरणे दुरापास्त. दक्षिणेत कोइमतूरची हवा मात्र त्याला मानवते, आणि म्हणून १९१२ साली तेथे ऊस पैदास संस्था निघाली. डॉ. बार्बर व वेंकटरामन यांनी तेथे जो संकर साधला त्यातून ‘को’ या अक्षराने आरंभ होणारी वाणांची वंशावळ सुरू झाली. त्या संकरित तुऱ्याचे कापसासारखे हलके बी, ज्याला केंद्रावरची माणसे ‘फ्लफ’ म्हणतात, ते पिशव्यांतून पाडेगावास येते. चिमूटभर घेऊन पाहिले तर त्यात बी कोठे आणि केस कोठे हे उमगत नाही; फुंकर घातली तर उडून जावे असे ते द्रव्य. ते कुंड्यांत पेरतात, गवताच्या पात्यांसारखी रोपे उगवतात, त्यांतील हजारोंची निवड करीत करीत, वर्षामागून वर्षे चाचण्या घेत घेत, दहा-बारा वर्षांनी एखादे वाण शेतकऱ्याच्या हाती देण्याजोगे ठरते. पुंड्या उसाच्या जागी को ४१९ आला, त्याच्या मागून को ७४०, आणि मग को ८६०३२. हा शेवटचा वाण जन्माने कोइमतूरचा. पण महाराष्ट्रात तो ‘निरा’ या नावाने प्रसृत झाला, आणि राज्याच्या उसाखालील क्षेत्रात त्याने वर्षानुवर्षे सर्वांत मोठा वाटा राखला. ज्या नदीच्या काठी तो पारखला गेला तिचे नाव त्याला लाभले, हा योग मोठा समर्पक.

वाण निघाले म्हणजे काम संपले असे नाही. बेणे शुद्ध राखावे लागते. मूळ बेणे पाडेगावसारख्या केंद्रावर तयार व्हावयाचे. त्याला दमट उष्ण हवेच्या पेटीत ५४ अंश सेल्सिअसला अडीच तास ठेवून गवताळ वाढीसारख्या रोगांचे बीज मारावयाचे. मग ते कारखान्याच्या बेणेमळ्यात, तेथून प्रगतिशील शेतकऱ्याच्या प्लॉटवर, आणि तेथून सर्वांच्या रानात. या त्रिस्तरीय साखळीतली मधली कडी, म्हणजे साखर कारखाना, ही या खोऱ्याच्या अर्थकारणाची खरी सूत्रधार. १९३२ साली परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसली आणि दोन-तीन वर्षांत या मुलखात साखरवाडी, वालचंदनगर, माळीनगर येथे कारखान्यांची धुराडी उठली. त्यांतला माळीनगरचा कारखाना तर त्या सासवडच्या माळ्यांनीच आपल्या पैशांनी काढला, म्हणजे गुऱ्हाळवाला एका पिढीत गिरणीचा मालक झाला. स्वातंत्र्यानंतर सहकाराचे युग आले. कारखान्याजवळ शेतकी विभाग असतो, शेतकी अधिकारी असतो, गावोगाव हिंडणारा स्लिप बॉय असतो, उधारीवर बेणे आणि खत देण्याची ऐपत असते. संशोधकाचे म्हणणे शेतापर्यंत नेणारी एवढी तयार यंत्रणा ज्वारीला किंवा करडईला कधी लाभली नाही.

पण हीच यंत्रणा आडवीही येऊ शकते. पाडेगावने २००७ साली प्रसारित केलेला फुले २६५ हा वाण खारवट-चोपण जमिनीतही तगून भरघोस टनेज देतो, म्हणून शेतकरी त्याच्यावर लुब्ध झाला. साखर उतारा उशिरा येतो म्हणून काही कारखाने त्याची नोंद घेण्यास खळखळ करू लागले. शेतकऱ्याला मोबदला वजनावर, कारखान्याचा नफा उताऱ्यावर. दोघांच्या हिताचा काटा येथे जुळेना. शतकापूर्वी मॅन-तम्हाणे यांनी ज्या मिठाची नोंद केली त्याच मिठावर उतारा म्हणून निघालेले हे वाण, आणि त्याची अडवणूक शास्त्राने नव्हे तर हिशेबाच्या वहीने करावी, यात उपरोध पुरेसा आहे. सुदैवाने शेतकऱ्यांचा आग्रह चिवट निघाला. नवविद्येच्या प्रसारात शेतकऱ्याचा हट्ट ही एक मोठी शक्ती असते; तिची गणना कोणत्याही आराखड्यात केलेली मी पाहिली नाही.

फलटणला गेले म्हणजे हवा बदलते. येथे १९६८ साली बनबिहारी निंबकर यांनी निंबकर कृषी संशोधन संस्था स्थापन केली, तिचा रोख उसावर नव्हता. कालव्याचे पाणी जेथे पोचत नाही त्या जिराईत मुलखावर होता. करडईचेच पाहा. तेलाला उत्तम, अवर्षणाला खंबीर असे हे पीक. पण त्याच्या पानापानाला काटे. माघ-फाल्गुनात पहाटेच्या दंवाने काटे मऊ पडतात तेवढ्या वेळात, हातापायांना फडकी गुंडाळून बाया-माणसे ते काढीत. ऊन चढले की काम बंद. मजूर मिळेनासे झाले तसा करडईचा पेरा आटला. संस्थेने बिनकाटेरी करडईचा ध्यास घेतला आणि २००१ साली देशातला पहिला बिनकाटेरी संकरित वाण बाहेर काढला. ‘काटे टोचतात’ यापलीकडे त्या संशोधनाला प्रास्ताविक नव्हते.

मेंढीची हकीकत याहूनही लांबची आहे. दख्खनी मेंढी एका वेतात बहुधा एकच कोकरू देते. धनगराचे उत्पन्न कोकरांच्या संख्येवर, आणि माळ-कुरणे तर दिवसेंदिवस आक्रसत चाललेली. तेव्हा कळप न वाढवता कोकरे वाढवावयाची कशी, हा प्रश्न. बंगालच्या सुंदरबनात गारोळ नावाची एक लहानखुरी मेंढी आहे, तिला जुळी-तिळी होणे हा नित्याचा प्रकार. १७९२-९३ च्या सुमारास कलकत्त्याहून गेलेल्या जहाजांतून तिचे काही पूर्वज ऑस्ट्रेलियात उतरले, तेथल्या मेरिनो कळपांत त्यांचे रक्त मिसळले, आणि दीडशेहून अधिक वर्षांनी बुरूला नावाच्या मळ्यावरच्या मेंढ्या इतक्या बहुप्रसव का, याचा शोध घेता घेता शास्त्रज्ञांना त्यामागचे एकच जनुक सापडले. त्या जनुकातला नेमका फेरबदल २००१ साली उलगडला. फलटणच्या संस्थेने ऑस्ट्रेलियातील विद्यापीठ व पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा यांच्या साहाय्याने तेच जनुक गारोळ मेंढीतून दख्खनीत उतरवले आणि ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी तयार केली. रक्ताच्या थेंबावरून कोणत्या कोकरात ते जनुक आहे हे प्रयोगशाळेत ओळखता येऊ लागले. येथे संस्थेने विवेक राखला तो असा की, जनुकाच्या दोन प्रती असलेली मेंढी तिळी देऊ शकते हे ठाऊक असूनही, एकच प्रत असलेली, एक-दोन कोकरांवर समाधान मानणारी मेंढी धनगराच्या कळपाला अधिक योग्य, असे तिने मानले. कारण वाड्यामागून मैलोगणती चालणाऱ्या आईच्या कासेत तिघांना पुरेल इतके दूध नसते. अधिक म्हणजे चांगले, हे समीकरण जो संशोधक मोडू शकतो त्याला शेतकऱ्याचे घर ठाऊक असते, असे खुशाल समजावे.

बारामती तालुक्याचा अर्धा भाग कालव्याखालचा आणि अर्धा पावसाच्या भरवशावरचा. या दुसऱ्या अर्ध्यात गेल्या शतकाच्या सातव्या दशकातील दुष्काळांच्या वेळी ख्रिस्ती सेवासंस्थांकडून मिळालेल्या धान्याच्या मोबदल्यात पाझर तलावांची कामे निघाली, आणि त्या खटपटीतून १९७१ साली ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट जन्मास आला. आप्पासाहेब पवार हे त्याचे अध्वर्यू. पुढे त्याच आवारात कृषिविज्ञान केंद्र, महाविद्यालये, भाजीपाल्याच्या रोपांसाठी डच सहकार्याने उभारलेले केंद्र, असा विस्तार होत गेला. दर जानेवारीत तेथे ‘कृषिक’ नावाचे प्रदर्शन भरते. मंडपातल्या तक्त्यांऐवजी उभी पिके शेतातच पाहावयास मिळतात, आणि लोक दूरदूरच्या जिल्ह्यांतून गाड्या भरून येतात. याच परिसरात माळेगाव खुर्द येथे २००९ साली केंद्र सरकारने अजैविक ताणांचा, म्हणजे दुष्काळ, उष्णता, क्षार यांसारख्या संकटांचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था स्थापली. तिला मिळालेली जमीन म्हणजे निव्वळ कातळ आणि मुरूम. तेथल्या शास्त्रज्ञांनी सुरुंग लावून खड्डे घेतले, बाहेरची माती भरली आणि त्यांत फळझाडे जगवून दाखवली. वाईट जमिनीचा अभ्यास करणाऱ्या संस्थेला वाईट जमीन मिळावी, असा न्याय सरकारदरबारी क्वचितच होतो.

डचांचा उल्लेख आलाच आहे, तर त्यांच्या वागेनिंगेनविषयी दोन शब्द. ऱ्हाईनच्या काठच्या त्या लहानशा गावात १८७६ साली सरकारी कृषिशाळा निघाली, थोड्याच वर्षांत अमेरिकेच्या स्वस्त धान्याने तेथल्या शेतकऱ्याचे कंबरडे मोडले, आणि संशोधन, शिक्षण व शेतकऱ्याला प्रत्यक्ष सल्ला या तिन्ही गोष्टी एका दावणीला बांधल्याखेरीज तरणोपाय नाही हे त्या राष्ट्राने ओळखले. १९१८ साली शाळेचे उच्च विद्यालय झाले. आज तिच्या भोवती मोठमोठ्या अन्न-कंपन्यांच्या प्रयोगशाळा वसल्या आहेत, आणि जगभर कृषिउद्यानाचा नमुना म्हणून त्याच गावाकडे बोट दाखवले जाते. पण २०१९ साली त्यांच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने, पशुपालनातून हवेत व मातीत साचणाऱ्या नत्राकडे काणाडोळा करून परवाने देण्याची पद्धत बेकायदा ठरवली, आणि तेथला शेतकरी ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर उतरला. आपल्याकडे पाण्याच्या अतिरेकाचे मीठ झाले, त्यांच्याकडे दुधा-मांसाच्या अतिरेकाचे नत्र झाले. नमुना उचलावयाचा तर तो या प्रकरणासकट उचलावा.

बारामतीत २०२४ पासून उसाच्या शेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग चालू आहे. ट्रस्टबरोबर मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठ त्यात सहभागी आहेत, आणि सुमारे एक हजार शेतकऱ्यांपासून त्याचा आरंभ झाला. जमिनीत पुरलेले संवेदक ओल मोजतात, वर उपग्रह पिकाचा रंग टिपतो, हवामानाचा अंदाज जोडला जातो, आणि पाणी केव्हा द्यावे, खत कोणते द्यावे, हे शेतकऱ्याच्या मोबाईलवर मराठीत उमटते. पाणी व खत यांची बचत आणि उत्पन्नात वाढ होते असा प्रवर्तकांचा दावा आहे. मी त्याला विरोध करणार नाही. उलट जास्त पाणी देऊ नको हे जे शतकभर अभियंते व शास्त्रज्ञ घसा कोरडा करून सांगत आले ते जर यंत्राच्या तोंडून शेतकऱ्याला पटत असेल, तर त्या यंत्राला दंडवत. मात्र एक अडचण कालव्याखालच्या माणसाला न सांगता कळेल. यंत्र सांगणार, मंगळवारी पाणी द्या; आणि कालव्याचे आवर्तन यावयाचे तीन आठवड्यांनी, तेही रात्री दोन वाजता, वरच्या गड्याने दार बंद केले तर. ज्याच्याकडे विहीर आहे, शेततळे आहे, ठिबक आहे, त्यालाच त्या सल्ल्याचा उपयोग. म्हणजे बुद्धी कृत्रिम असली तरी तिचा लाभ मात्र जुन्याच वाटणीने होणार. शिवाय शेताशेतातून गोळा होणाऱ्या या माहितीची मालकी कोणाची, हा प्रश्न अद्याप सातबाऱ्यावर चढलेला नाही.

या खोऱ्याचा उत्कर्ष झाला हे निर्विवाद. पत्र्याच्या खोपटांच्या जागी माड्या आल्या, ऊस-रोपांच्या वाटिकांनी शेकडो तरुणांना गावातच धंदा दिला, दुधाचे संकलन वाडीवस्तीवर पोचले. पण जिराईत पट्ट्यातले टँकर अजून थांबलेले नाहीत, ऊसतोडीचा मजूर दर हंगामात अजूनही मराठवाड्यातून येथे येऊन पालांत राहतो, आणि कालव्याखालच्या सखल रानांना मीठ फुटणे तर चालूच आहे. त्या मिठावर उपाय माहीत नाहीत असे नाही: चर खणावेत, सच्छिद्र नळ्या पुरून निचरा काढावा, चोपणाला जिप्सम द्यावे, ताग-धैंचा गाडावा. अडचण अशी की, निचऱ्याचे पाणी एकाच्या शेतातून निघून दुसऱ्याच्या बांधावर जाते, आणि बांधाचा प्रश्न आला की शास्त्र मागे सरून कज्जा पुढे येतो.

या सर्व विद्येचा पहिला पाठ अगदी साधा आहे, आणि तो कोणत्याही शेतकऱ्याला एका सकाळी करता येतो. पीक निघाल्यावर शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल, इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचे खड्डे घ्यावेत. खड्ड्याच्या उतरत्या बाजूची माती वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीने तासून घ्यावी. सगळी माती गोणपाटावर एकत्र करून तिचे चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन टाकून द्यावेत, आणि अर्धा किलो उरेपर्यंत असेच करीत जावे. बांधाजवळची, झाडाखालची, उकिरड्याच्या जागेची माती घेऊ नये. ती पिशवी, नाव-गाव-गट नंबराची चिठ्ठी घालून, प्रयोगशाळेत पोचवावी. पुष्कळ नमुने पिशवीतच राहतात ते येथे, कारण प्रयोगशाळा असते एखाद्या मोठ्या आवाराच्या आतल्या इमारतीत, फाटकावर पहारेकरी नोंदवही पुढे करून ‘कोणाला भेटायचंय?’ असे विचारतो, आणि मातीची पिशवी घेऊन आलेल्या माणसाला कोणाचे नाव घ्यावे ते सुचत नाही.

म्हणून जी मंडळी नव्या कृषिउद्यानांचे आराखडे सध्या आखीत आहेत त्यांना एवढीच विनंती: काचेची इमारत अवश्य बांधा, परंतु माती-पाणी तपासणीची एक खोली कुंपणाच्या बाहेर, रस्त्याकडे दार करून काढा, आणि ती आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी उघडी ठेवा.